साखळीवाले खासनीस

जर्मनीत माणसाला त्याच्या कामावरून हलवायचं म्हणजे पत्रं, बैठका, युनियन, वकील असं वर्षभराचं प्रकरण असतं. खासनीससाहेबांना मी अकरा मिनिटांत हलवलं. तेही एक वावगा शब्द न बोलता. उलट चारचौघांत मान देऊन.

माझ्या फजित्या मी आवडीने सांगतो. त्या सांगण्याच्या जोरावर परदेशात मला पुष्कळ घरी जेवायला बोलावलं गेलं. पण ही एक सांगायला लागलो की ऐकणारे अर्ध्यापर्यंत पोट धरून हसतात, आणि मग कुणीतरी उठून ताटं आवरायला घेतं. म्हणून आता लिहूनच टाकतो. वाचता वाचता कुणी उठून गेलं तर निदान मला दिसणार नाही.

युरोची नाणी अजून नवी नवी होती, त्या दिवसांतली गोष्ट. ब्राउनश्वाइगमध्ये आमचं वीस-बावीस माणसांचं ऑफिस होतं. गाड्यांच्या चाचण्या घ्यायच्या आणि ज्याला हवा त्याला अहवाल लिहून द्यायचा, हा धंदा. त्यातला हिवाळा खासनीसांचा. नोव्हेंबर ते मार्च, बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाला काय लावायचं ते हे ठरवणार. नुसते हिवाळी टायर पुरतील, की वर लोखंडी साखळ्या हव्यात, की त्या नव्याने निघालेल्या कापडी खोळी चालतील, की डिकीत वाळूची पोती टाकून भागेल. गाडी रुग्णवाहिका असो, शाळेची बस असो की कचऱ्याची असो, खासनीस ती हार्त्सच्या डोंगरात नेऊन चढावर चढवून बघणार, उतारावर थांबवून बघणार, आणि मग जे म्हणतील ते शेवटचं. आमची मॅनेजर फ्राउ क्रामर (तिकडे बाईला फ्राउ, बुवाला हेर म्हणतात) त्यांच्या अहवालातला स्वल्पविरामसुद्धा हलवत नसे. ऑफिसातली बाकीची कामं ते तोंडात कडू गोळी धरल्यासारखी करत. पहिला बर्फ पडला की मात्र त्यांची पाठ ताठ व्हायची. ते काम होतं म्हणून ते होते, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांना बघून कुणी घाबरावं असं काही नव्हतं. उंच, वाळलेले, डोक्याला तपकिरी माकडटोपी. जॅकेटच्या चेनला बांगडीएवढी कडी अडकवलेली. गळ्यात शिंगाड्याएवढं बटण असलेलं जुनं स्टॉपवॉच. ते बटण तळहाताच्या फुगवट्याने दाबायचे, शिक्का मारल्यासारखं. हातात ऑक्टोबर ते एप्रिल बिनबोटांचे, पिशवीसारखे जाड लोकरी मोजे, ऑफिसात बसल्यावरसुद्धा. जर्मन माणसं सकाळी एकमेकांशी हात मिळवतात; खासनीस कुणालाही हात देत नसत. मोज्यांचे दोन पंजे जोडून नमस्कार करायचे. जर्मनांना वाटायचं, संस्कृती. आम्हाला वाटायचं, माज.

आम्ही म्हणजे तिथली आठ-दहा मराठी बिऱ्हाडं. कुणी गाड्यांच्या कारखान्यात, कुणी विद्यापीठात. पाठीमागे सगळे त्यांना साखळीवाले म्हणायचे. समोर काय म्हणावं याचा प्रश्नच होता. मी पहिल्या आठवड्यात आपुलकीने ‘काका’ म्हणालो.

“आपल्या वडिलांचं आडनाव काय?”

“लिमये.”

“माझं खासनीस. मग मी आपला काका कुठून झालो, लिमयेशास्त्री?”

तेव्हापासून मी लिमयेशास्त्री. ते अहो-जाहोशिवाय बोलत नसत आणि त्या अहो-जाहोने जेवढं झोंबायचं तेवढं कुणाच्या शिव्यांनी झोंबलेलं मला आठवत नाही. गंमत म्हणजे त्यांच्या पत्नीला, सुधाकाकूंना, काकू म्हटलेलं चालायचं. म्हणजे काकू होत्या, पण त्यांचा नवरा काका नव्हता.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एक जुनी गाडी घेतली आणि तिला दोन हिवाळी टायर बसवले. दोनच. हे अज्ञान नव्हतं, हे इंजिनिअरिंग होतं. गाडीला जोर पुढच्या चाकांचा, म्हणजे पकड पुढच्या चाकांना हवी. मागची नुसती मागे मागे येतात, त्यांना उन्हाळी टायर पुरेत. पुण्याच्या कॉलेजात असल्या युक्तिवादाला मला दहापैकी नऊ मिळाले असते.

खासनीस पार्किंगमध्ये येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले. मग म्हणाले, “खिशात दोन युरोचं नाणं आहे? काढा. टायरच्या खाचेत उभं घाला. मी नाही, आपण घाला. बाहेरची रुपेरी कड बुडते का? बुडते. छान. आता मागे.”

मागे बर्फाच्या टायरला असतात तसल्या बारीक चिरा नव्हत्याच. मी गुडघ्यावर बसून नाणं घातलं, तर कड निम्मी बाहेर.

“अर्धंच लग्न लावलंत,” ते म्हणाले. “बसा. त्या टोकापर्यंत जा आणि वळताना ब्रेक दाबा.”

पार्किंगवर रात्रीच्या पावसाचा काचेसारखा पापुद्रा होता. खिडक्यांत माणसं जमली होती. मी वळताना ब्रेक दाबला. पुढची चाकं गुणी मुलांसारखी थांबली आणि मागचा भाग वरातीतल्या घोड्यासारखा फिरून पुढे आला. गाडी गरकन वळून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली.

खासनीसांनी खिडकीच्या काचेवर मोज्याने टकटक केलं. “बघा. तिलाही परत पुण्याला जायचंय.”

त्याच संध्याकाळी मी उरलेले दोन टायर बसवले.  दुसऱ्या दिवशी खासनीस मला खिडकीतून बोलावून म्हणाले, “मेला असतात तर तुमचं मला काही वाटलं नसतं. समोरून येणारा काय म्हणून मरायचा?” अशा प्रकारे त्यांनी माझी काळजी घेतली.

आता परीक्षेबद्दल. साहेब ऑफिसपासून तासाभरावर हार्त्समधल्या एका गावात राहत. त्यांची गल्ली म्हणजे शिडी आडवी टाकायला विसरल्यासारखी उभी. गल्लीच्या पायथ्याशी एक वाहनतळ होता. नवा मराठी माणूस आला की पहिल्या चांगल्या बर्फाच्या दिवशी त्याला तिथे बोलावणं यायचं, सहकुटुंब. खासनीसांच्या गाडीच्या डिकीतून साखळ्या काढायच्या, त्यांच्याच गाडीच्या चाकांना लावायच्या, ते घड्याळ धरून बाजूला उभे. एका चाकाला दोन मिनिटं चाळीस सेकंद. त्याहून जास्त लागली तर नापास, आणि नापास झालेल्याला पुढच्या बर्फाला परत बोलावणं. पास झालेल्यालाही सराव जाऊ नये म्हणून परत बोलावणं. परीक्षा झाली की साखळ्या लावलेली गाडी घेऊन ते गल्ली चढून घरी जात आणि आम्ही मागून चालत. वर काकू साबुदाण्याची खिचडी देत. ती इतकी मऊ आणि मोकळी असायची की माणूस अपमान गिळून वर दही मागायचा.

पहिल्या हिवाळ्यात साखळीजोगा बर्फ पडलाच नाही, म्हणून माझी परीक्षा दुसऱ्या हिवाळ्यात झाली. बायको मेधा होती, आणि नेमके तेव्हा साताऱ्याहून आलेले माझे सासरे, दादा. दादांनी छत्तीस वर्षं बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. मी साखळी घेऊन पुढच्या चाकाकडे निघालो तर ते गाडीतूनच म्हणाले, “जावईबापू, तिकडं कुठं? जोर मागच्या चाकाला असतो. मी काय आज बघतोय का गाड्या?”

आता बघा. ती गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे हे मला माहीत होतं. मी त्याच विषयावर पगार घेत होतो. पण सासरे होते. पहिल्यांदाच आले होते, त्यांच्या लेकीसमोर त्यांना चूक म्हणायचं म्हणजे पुढे पंधरा दिवस घरात वातावरण कसं राहील, हा हिशेब मला घर्षणाच्या नियमांपेक्षा चांगला येत होता. मी मुकाट मागच्या चाकाशी बसलो. दोन्ही साखळ्या मागे लावल्या. सुंदर लावल्या.

खासनीस घड्याळ थांबवून म्हणाले, “बसा. चढवा.”

पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरली. मागची, अंगावर किलो-किलोचे दागिने घालून, स्वस्थ बसली. दादा मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पुढची सीट ढकलायला लागले, जणू आतून धक्का लागणार होता. मेधा खिडकीबाहेर बघत होती. ती हसत असावी, कारण तिचे कान लाल झाले होते.

“दादासाहेब,” खासनीस वाकून म्हणाले, “आपलं बरोबर आहे. बसला मागेच लावतात. ही बस नाही.” मग माझ्याकडे वळले. “आणि शास्त्रीबुवा, आपल्याला माहीत होतं. ते अज्ञान, ही भीड. अज्ञानाला मी पुढच्या वेळी बोलावतो. भिडेला उतारावर गाडायला पाहिजे. बर्फात भीड धरणारा माणूस स्वतः मरतो आणि मागे बसलेल्यांना घेऊन मरतो. काढा. पुढे लावा.”

दादा त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी कमी आणि खासनीसांबद्दल जास्त बोलले. “माणूस कडक आहे,” म्हणायचे. “आमच्या वर्कशॉपला असा एक पाहिजे होता.” म्हणजे मी मान राखला सासऱ्यांचा आणि सासरे गेले खासनीसांच्या पक्षात.

मी चिडून सराव केला. पुढच्या दोन वर्षांत बर्फ पडला की बोलावणं, बोलावणं आलं की साखळ्या. ती धनुष्यासारखी तार टायरच्या मागून सरकवायची, दोन्ही टोकं वर आणायची, टायरच्या पाठीमागे न बघता नुसत्या बोटांनी आतला हूक अडकवायचा, मग पुढचा, मग ताण देणारी साखळी ओढून कुलपात घ्यायची. आतला हूक सगळ्यात अवघड. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच दिसतो. माझी वेळ दोन मिनिटं दहा सेकंदांवर आली. साहेब म्हणायचे, “बरं आहे. माकडंही शिकतात.”

तरी मी एकदा त्या कापडी खोळी आणल्याच. टायरवर टोपीसारख्या चढवायच्या, हूक नाही, लोखंड नाही, हात काळे होत नाहीत. सकाळी घराबाहेर बर्फ होता म्हणून मी त्या मोठ्या प्रेमाने चढवल्या आणि ऑफिसकडे निघालो. मोठ्या रस्त्यावर नगरपालिकेने बर्फ केव्हाच साफ केलेला. खोळी उतरवायला थांबायचा मला कंटाळा आला. कोऱ्या डांबरावर सात-आठ किलोमीटर गेल्यावर मागच्या गाड्या दिवे मारायला लागल्या. मला वाटलं, कौतुक करतायत.

ऑफिसच्या फाटकात खासनीस उभे होते. चाकांवर शेवयांसारख्या चिंध्या लोंबत होत्या. त्यातली एक मला काढायला लावली, आणि मला घेऊन सरळ नोटीसबोर्डापाशी गेले. “लावा. आपल्या हाताने लावा. टाचणी घ्या.” खाली जर्मनमध्ये एक ओळ लिहायला लावली. ते सांगत होते, मी लिहीत होतो: ‘श्री. लिमये यांचा मोजा. जोडीचा दुसरा रस्त्यावर सापडल्यास कळवावे.’

ती चिंधी तीन आठवडे तिथे होती. फ्राउ क्रामर कॉफीचा कप घेऊन रोज तिच्यापुढे थांबायची आणि खांदे हलवत पुढे जायची. ज्यांना मराठीतला विनोद कधी कळला नसता त्या सगळ्यांना हा कळला. त्या तीन आठवड्यांत माझ्या मनात जे साठलं ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत चांगलं मुरलं.

पुढच्या हिवाळ्यात एक मोठं काम आलं. हार्त्सच्या गावांतून घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी एक संस्था होती. तिच्या नर्सच्या लहान गाड्यांसाठी काय घ्यायचं ते सुचवायचं होतं. साखळ्या की खोळी. खासनीसांनी सहा आठवडे चाचण्या घेतल्या. अहवाल एका ओळीचा असता तरी चालला असता: या रस्त्यांवर थोडा बर्फ, थोडं डांबर असतं, खोळी महिनाभरात फाटतील, चढावरच्या गोठलेल्या बर्फात सरकतील, साखळीच घ्या. संस्थेची शंका एवढीच होती की नर्सबाईंना साखळी एकटीने लावता येईल का. खासनीसांनी लिहिलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद, कोणालाही. मग ठरलं की संस्थेची मुख्य नर्स स्वतः येईल, वाहनतळावर आपण लावून दाखवू, आणि ती तिथेच निर्णय देईल.

आदल्या दिवशी खासनीस माझ्या टेबलाशी आले. 

“लिमये,” म्हणाले. शास्त्री नाही, बुवा नाही. “उद्या साखळी तुम्ही लावा. मी वेळ धरतो. तुमचा हात बसलाय.”

चार वर्षांत त्यांनी माझी केलेली ही एकच स्तुती. मी म्हणालो, “हो साहेब.”

संध्याकाळी जेवताना मी मेधाला ही बातमी विजयी मुद्रेने दिली. ती म्हणाली, “त्यांचे हात बघितलेस का तू कधी?”

“मोज्यात असतात. काय बघायचं?”

“काकू त्यांच्या शर्टाची बटणं लावतात. खिचडीच्या वेळी मी आत गेले होते तेव्हा बघितलं. आणि कप ते दोन्ही तळव्यांत धरतात, लहान मुलासारखा.”

“लाडावलेत,” मी म्हणालो आणि भात वाढून घेतला.

हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे मी पुष्कळांना सांगितलं की मला कल्पना नव्हती. कल्पना होती. मला माझ्याच जेवणाच्या टेबलावर, ताट पुढे असताना, सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाहनतळावर टाचेएवढा बर्फ, वर वारा. फ्राउ क्रामर होती, ती मुख्य नर्स होती, तिच्याबरोबर दोन-तीन जणी. गाडी उभी, साखळी बर्फावर पसरलेली. खासनीसांनी गळ्यातलं घड्याळ तळव्यात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

“आल्झो, तर मग,” फ्राउ क्रामर म्हणाली, “कोण दाखवतंय?”

मी एक पाऊल मागे सरकलो. माझ्या उत्तम जर्मनमध्ये म्हणालो, “फ्राउ क्रामर, आमच्याकडे अशा वेळी पहिला मान वडीलधाऱ्या माणसाचा असतो. हेर खासनीस उभे असताना मी साखळीला हात लावणं बरं दिसणार नाही. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलंय.”

“वा, किती सुंदर पद्धत!” फ्राउ क्रामर म्हणाली. मुख्य नर्सने हसून मान डोलावली.

खासनीस मराठीत, हळू आवाजात म्हणाले, “लिमये. हे करू नका.”

मीही मराठीत म्हणालो, “परीक्षा आहे साहेब. वेळ मी धरतो.” आणि त्यांच्या माकडटोपीवरून ते घड्याळ अलगद काढून घेतलं.

त्यांना नाही म्हणता आलं असतं. ‘माझी बोटं चालत नाहीत’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. आयुष्यभर त्यांनी ज्या गोष्टीवरून आम्हाला सोलून काढलं तीच त्यांना नडली. परक्या बायकांसमोर, दिलेला मान परत करायची त्यांना भीड पडली.

त्यांनी दातांनी मोजे ओढून काढले. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे हात बघितले. तळवे ठीक होते. बोटं मधल्या पेरापासून पुढे मेणबत्तीसारखी पांढरी. वर्षानुवर्षं गारठलेलं लोखंड आणि थरथरणारी यंत्रं हाताळून रक्त तिथपर्यंत जायचं थांबलं होतं, हे नंतर कंपनीच्या डॉक्टरने सांगितलं. तेव्हा एवढंच दिसलं की वाऱ्याने ती आणखी पांढरी होतायत.

मी बटण दाबलं.

तार टायरमागे सरकवली तोपर्यंत छान चाललं होतं. ते समजावूनही सांगत होते. मग आतला हूक आला. हात टायरच्या पाठीमागे गेला आणि तिथेच राहिला. बोटांना दिसत नव्हतं. हूक सुटला, साखळी खळकन खाली आली. त्यांनी परत वर घेतली. परत सुटली. तिसऱ्या वेळी त्यांनी बर्फात आडवं पडून गाल टायरला लावला आणि डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. तीन मिनिटं झाली, चार झाली. सुरुवातीला मला जे गुदगुल्यांसारखं होत होतं ते पाचव्या मिनिटाला थांबलं. थांबलं, पण मी पुढे झालो नाही. हेही लिहितो. सातव्या मिनिटाला त्यांनी हूक दातांत धरला. नर्स होती ती, तिने इतकी वर्षं माणसांचे हात बघितलेले. ती एकटीच आमच्यातली, जी जाऊन त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसली. “बास,” ती म्हणाली. “राहू द्या.” ते म्हणाले, “लागतेच आहे.” अकराव्या मिनिटाला फ्राउ क्रामर म्हणाली, “डांके, आभारी आहे, हेर खासनीस,” आणि मी घड्याळ थांबवलं.

नंतर मुख्य नर्सने दोन्ही खोळी स्वतःच्या हाताने चढवल्या. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. संस्थेने पुढच्या हिवाळ्यासाठी खोळी घेतल्या. सहा आठवड्यांचा अहवाल फाइलमध्ये गेला.

खासनीसांचं बाहेरचं काम बंद झालं. फ्राउ क्रामर फार सहानुभूतीने वागली. जुन्या अहवालांच्या नकला संगणकात भरायचं काम तिने त्यांना दिलं. टाइप करायचं! मुठीत पेन्सिल धरून ते एकेक अक्षर दाबायचे. पातळ भिंतीपलीकडून ऐकू यायचं, ठक. मग बराच वेळ काही नाही. मग ठक. तीन महिन्यांनी ते थांबलं. लवकर निवृत्ती घेतली म्हणाले. हिवाळा माझ्याकडे आला. टेबलही त्यांचंच मिळालं, खिडकीजवळचं.

ते घड्याळ माझ्या खिशात तसंच राहिलं होतं. ते द्यायच्या निमित्ताने मी एका रविवारी गेलो. बर्फ होता. पायथ्याच्या वाहनतळावर खासनीसांची गाडी वीतभर बर्फाखाली उभी होती. गल्ली चढून गेलो. काकूंनी दार अर्धंच उघडलं. एक हात काठीवर. त्यांचा गुडघा बदललेला मला तेव्हा समजलं.

“गाडी खालीच आहे?” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“आता वर कशी येणार?” त्या म्हणाल्या. “तुम्ही मंडळी परीक्षेला यायचात, तोवर यायची. आता बर्फ असला की मी घरातच.”

मी उंबऱ्यात उभा होतो आणि गेल्या चार हिवाळ्यांतल्या सगळ्या परीक्षा एकामागून एक माझ्यासमोरून गेल्या. नापासांना परत बोलावणं. पास झालेल्यांनाही परत बोलावणं. आणि चाकं नेहमी त्यांच्याच गाडीची. टाचणी आपल्या हाताने लावा. नाणं आपण घाला. या माणसाने आठ-दहा इंजिनिअरांची बोटं वापरली, आणि बदल्यात त्यांना शिव्या दिल्या, म्हणून कुणालाही कळलं नाही की तो मदत मागतोय.

आतून आवाज आला, “कोण आहे गं?”

“लिमये आलेत. घड्याळ घेऊन.”

“शास्त्रीबुवा? विचार त्यांना, शून्यावर आणून दिलंय का.”

मी घड्याळाकडे बघितलं. काटे अकरा मिनिटं चार सेकंदांवर होते. एवढे महिने. बटण एकदा दाबायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंनी ते बघितलं, माझ्या हातातून घेतलं आणि पदरात झाकलं. “या हं,” म्हणाल्या. चहा टाकते म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात खोळी जानेवारीतच फाटायला लागल्या. नर्सचे फोन यायचे, आणि फोन घ्यायला खिडकीजवळच्या टेबलावर आता मी होतो. अहवालात कोणत्या महिन्यात फाटतील तेही लिहिलं होतं. शेवटी एका दुपारी, त्याच गावाच्या खालच्या घाटात, संस्थेची एक गाडी अडकली. चाकांवर चिंध्या, वर एका म्हाताऱ्याला इन्सुलिन द्यायचं होतं. नर्सने मला बोलावलं. मी साखळ्या घेऊन गेलो आणि चाकाशी बसलो. उणे अकरा का बारा होतं. हातमोजे घालून हूक लागेना, म्हणून काढले. दोन मिनिटांत बोटं लाकडाची झाली. मला दोन मिनिटं दहा सेकंद लागायचे त्याला आता किती झाली होती कोण जाणे. नर्स पाय आपटत म्हणत होती, “अजून किती?”

तेवढ्यात वर जाणारी बस आली आणि समोरच्या थांब्यावर थांबली. बसच्या मागच्या चाकांना साखळ्या होत्या. खिडकीशी सुधाकाकू बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी. त्यांच्यापलीकडे माकडटोपी. काकूंनी मला ओळखलं आणि लगेच समोर बघायला लागल्या. खासनीस पुढे वाकले. मी गुडघ्यावर, हात टायरमागे खांद्यापर्यंत घातलेला, गाल रबराला चिकटलेला. त्यांनी आधी चाकाकडे बघितलं, कोणतं आहे ते. पुढचंच होतं. मग माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, हात हलवतील. निदान हसतील. त्यांनी गळ्यातलं घड्याळ मोज्याच्या दोन पंजांत धरून काचेशी वर आणलं, मला नीट दिसेल असं. तळव्याच्या फुगवट्याने बटण दाबलं. बस सुरू झाली आणि साखळ्या खणखणत वर निघून गेली.

आतला हूक तेव्हा लागला नव्हता. काही वेळाने लागला. ते घड्याळ त्यांनी थांबवलेलं मात्र मी बघितलं नाही.